दमट उन्हाळ्यात लोकलने प्रवास करून कार्यालयात टवटवीत चेहऱ्याने कसे पोहोचावे?

संत्रानगरी (प्रश्न)

नमस्कार. माझे माहेर, शिक्षण आणि पहिली नोकरी, सगळे नागपूरचे. गेल्या ऑक्टोबरात बदली झाली आणि मी डोंबिवलीला राहायला आले. कार्यालय दक्षिण मुंबईत आहे आणि माझे काम दर्शनी कक्षातले, म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येक माणसाशी समोरासमोर बोलण्याचे आहे. नीटनेटके दिसणे हा त्या कामाचाच भाग आहे आणि मला ते मनापासून आवडतेही.

नागपूरचा उन्हाळा मी लहानपणापासून सोसला आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, नवतपात दुपारी रस्ते ओस पडतात, पण तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवरून गेले तरी पोहोचल्यावर दुपट्टा सोडला की चेहरा कोरडा असे आणि काजळ जागच्या जागी असे. इथे पारा ३३-३४ अंशांच्या पुढे फारसा जात नाही, तरी आंघोळ करून कपडे घालेपर्यंत पाठ ओली झालेली असते. गेल्या आठवड्यात ठाणे आणि कुर्ल्याच्या दरम्यान मी रुमालाने कपाळ पुसले, तर फाउंडेशनचा अर्धा थर रुमालावर आला आणि उरलेला भुवयांच्या वर रेघांसारखा साचून राहिला. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी अगदी मायेने विचारले, "बाळ, रात्रभर जागरण झालं का?" काजळ डोळ्यांखाली उतरले होते. त्यांच्या विचारण्यात आपुलकी होती, पण मला दिवसभर चैन पडले नाही.

मानेवर आणि ब्लाउजच्या काठाशी घामोळेही उठले आहे. मैत्रिणींच्या सांगण्यावरून मी पावडरचा थर वाढवला, जास्त टिकणारे म्हणून महागडे फाउंडेशन घेतले, दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा धुतला. त्याने चेहरा अधिकच तेलकट होतो आहे असे वाटते. जे मुंबईत किंवा कोकणपट्टीत वर्षानुवर्षे राहत आहेत, त्यांनी कृपया त्यांची खरी दिनचर्या सांगावी.

रत्नदुर्ग

ताई, मी मूळची रत्नागिरीची असून गेली २२ वर्षे कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रोज येते-जाते आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मला माझी पहिली दोन वर्षे आठवली. तुमचे काही चुकत नाही. तुम्ही नागपूरची सवय मुंबईच्या हवेत चालवू पाहत आहात, एवढेच.

तुमच्याकडे खिडकीला वाळ्याची ताटी लावतात किंवा कूलर लावतात. तोच कूलर मुंबईत आणून लावला तर खोली थंड होत नाही, फक्त अधिक ओलसर होते. आपले शरीरही एक कूलरच आहे. घामामुळे थंडावा मिळत नाही, घाम वाळण्यामुळे मिळतो, कारण एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता कातडीवरून उचलली जाते. नागपूरच्या कोरड्या हवेत तो घाम दिसण्याआधीच उडून जातो, म्हणून चेहरा कोरडा राहतो. इथली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम उडत नाही, ओघळतो, आणि शरीर गार होत नाही म्हणून ते आणखी घाम सोडते. अशा चेहऱ्यावर आपण जो थर देऊ तो घामावर तरंगणार आणि घामाबरोबर उतरणार, मग तो कितीही महागडा असो. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला: आधी अंग निववायचे, मग घाम वाळू द्यायचा आणि चेहरा सर्वांत शेवटी.

घरी मी साध्या पाण्याने आंघोळ करते, कारण कढत पाण्याने आंघोळ केली की पुढची वीस मिनिटे घाम थांबत नाही. आंघोळीनंतर सुती गाऊनवर पंख्याखाली दहा मिनिटे बसते. ही दहा मिनिटे काढण्यासाठी मी गजर दहा मिनिटे अलीकडे आणला आणि आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. पंख्याने हवेचा दमटपणा कमी होत नाही, पण कातडीलगतची बाष्पाने भरलेली हवा सरकते आणि घामाला उडायला जागा मिळते. मग जेलसारखे हलके सनस्क्रीन, ओठांना थोडे मलम आणि केसांची वेणी किंवा आंबाडा. एवढ्यावरच घर सोडायचे. फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक यांतले काहीही घरी लावायचे नाही.

गाडीत बसायला जागा मिळाली तरी मी पुष्कळदा दाराच्या आतल्या बाजूला, वारा लागेल अशा ठिकाणी उभी राहते. घाम आला तर पुसत नाही, टिपते. पुसल्याने सनस्क्रीनही निघून जाते आणि कातडी लालसर होते. त्यासाठी माझ्याकडे मलमलचे रुमाल आहेत. आईची एक जुनी मलमलची साडी विरली तेव्हा तिचे हातभर चौकोन कापून, कडा दुमडून, शिवून घेतले. बाजारातला जाड टॉवेलचा रुमाल चेहऱ्यावर घासतो, हा मात्र नुसता टेकवला तरी पाणी ओढून घेतो. एक रुमाल ओला करून, घट्ट पिळून, स्टीलच्या छोट्या डबीत वाळ्याच्या दोन काड्यांसह ठेवते आणि दुसरा कोरडा पर्समध्ये असतो.

कार्यालयात पंधरा मिनिटे आधी पोहोचायचे. प्रसाधनगृहात गेल्यावर आधी चेहऱ्याला हात लावायचा नाही. दोन्ही मनगटे आणि कोपरापर्यंतचे हात मिनिट-दोन मिनिटे नळाखाली धरायचे, डबीतला ओला रुमाल मानेवर ठेवायचा. हातांतून रक्त भरपूर वाहते आणि तिथे गारवा मिळाला की सगळे अंग निवते, हे एकदा करून पाहा. मग साध्या पाण्याने चेहरा धुऊन, टिपून, आपल्या जागेवर पंख्याखाली किंवा एसीखाली पाच मिनिटे बसायचे आणि त्यानंतरच, कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर, पुन्हा सनस्क्रीन आणि त्यावर हवे ते लावायचे. मी संपूर्ण चेहऱ्याला फाउंडेशन लावणे सोडले आहे. नाकाच्या बाजूंना, हनुवटीवर आणि जिथे डाग आहे तिथे बोटाने थोडेसे थापते. कॉम्पॅक्ट फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर. काजळ खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेला घालण्याऐवजी वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक रेघेने ओढते. काजळात तेल आणि मेण असते, आणि खालच्या कडेवर अश्रूंचा ओलावा, डोळ्याखालचे तेल आणि घाम असे तिन्ही एकत्र आले की ते उतरणारच. ज्यांना खालचे काजळ सोडवत नाही त्यांनी निदान डोळ्याखाली आधी बारीकशी पावडर टेकवावी.

दुपारी चेहरा चमकू लागला तर त्यावर लगेच पावडर चढवू नका. आधी टिपकागदाने तेल उचला. तेलावर पावडर बसली की तिचे खपले होतात.

फिरतीवर

मी औषध कंपनीच्या विक्री विभागात असून दिवसभर दवाखान्यांच्या पायऱ्या चढतो. चेहऱ्याबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त काखेच्या घामाबद्दल आणि कपड्यांबद्दल थोडे लिहितो.

दुर्गंध घालवणारा डिओडरंट आणि घाम कमी करणारा अँटिपर्स्पिरंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि बाटलीवर हे लिहिलेले असते. दुसऱ्यामध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, जे घर्मनलिकेच्या तोंडाशी तात्पुरता अडसर तयार करतात. बहुतेक जण तो सकाळी, घाम सुरू झालेला असताना लावतात आणि मग उपयोग होत नाही अशी तक्रार करतात. तो रात्री झोपण्यापूर्वी, पूर्ण कोरड्या काखेत लावावा, कारण रात्री घाम कमी येतो आणि क्षारांना बसायला वेळ मिळतो. सकाळी आंघोळ केली तरी त्याचा परिणाम टिकतो. पांढऱ्या शर्टाच्या काखेत पिवळे डाग पडतात तेही पुष्कळदा घाम आणि हेच क्षार एकत्र आल्याने, म्हणून लावल्यावर तो वाळल्याशिवाय कपडा घालू नये.

रंगाबाबत माझा अनुभव असा की राखाडी आणि फिकट निळ्या कापडावर घाम सर्वांत जास्त दिसतो. पांढरा, गडद निळा आणि बारीक नक्षीचा कपडा घाम झाकतो.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ असून ठाणे जिल्ह्यात व्यवसाय करते. एप्रिल ते जून या काळात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मूळ प्रश्नातल्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुली फार असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा धुणे आजच थांबवा. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ५ च्या आसपास असतो आणि साध्या अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. वारंवार साबण लावल्याने कातडीचे नैसर्गिक आवरण विसकटते, ती ताणल्यासारखी आणि चुरचुरणारी होते आणि मग कोणतेही प्रसाधन तिच्यावर नीट बसत नाही. सकाळी आणि रात्री सौम्य फेसवॉश, मध्ये लागले तर फक्त पाणी, इतके पुरे. एसीत आठ तास बसणाऱ्या तेलकट कातडीलाही रात्री हलक्या, पाण्यासारख्या मॉइश्चरायझरची गरज असते.

घामोळे म्हणजे घर्मनलिकांची तोंडे बंद होऊन घाम कातडीतच अडकणे. त्यावर पावडरचा जाड थर दिला की पावडर आणि घाम मिळून त्याच तोंडांवर लगदा बसतो. थंड पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडा, शक्य तेवढा वारा आणि खाज असल्यास कॅलामाइन, एवढ्याने बहुतेक घामोळे काही दिवसांत बसते. ब्लाउजच्या काठाशी आहे म्हणता, तर अस्तर कोणते आहे ते तपासा. वरचे कापड सुती आणि अस्तर पॉलिएस्टर, हे फार ठिकाणी आढळते.

सनस्क्रीनबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० असलेले योग्य प्रमाणात लावले तर उन्हातले सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजवणारे अतिनील किरण अडतात आणि ५० लावले तर सुमारे ९८ टक्के, म्हणजे फरक थोडा आहे. खरा फरक प्रमाणाने पडतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा होतील इतके सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून लागते, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. 'पीए' आणि त्यापुढची अधिक चिन्हे यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षण दाखवतात. हे किरण काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात, म्हणून ज्यांची जागा कार्यालयात काचेलगत आहे त्यांनी तेही पाहावे. घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी, किंवा घाम टिपल्यावर, पुन्हा लावावे. ज्यांच्या गालांवर वांग आहेत त्यांनी रंगाची छटा असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग दृश्य प्रकाशानेही वाढतात. त्याने कातडीचा रंगही थोडा एकसारखा दिसतो आणि फाउंडेशनची गरज पुष्कळदा उरत नाही.

लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीत असे घटक असतात की ऊन लागल्यावर तिथली कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. पन्हे किंवा कोकम सरबत पोटात घ्या, तिथे ते गुणकारी आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. घामाच्या दिवसांत मानेवर, पाठीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात, त्यांना आपण शिबे म्हणतो. ती एका यीस्टमुळे येतात आणि साध्या उपचाराने जातात. जांघेत किंवा कंबरेला येणारे गजकर्ण हा वेगळा बुरशीचा संसर्ग आहे. या दोन्हींवर आणि चेहऱ्याच्या साध्या काळपटपणावरही लोक औषधाच्या दुकानातून कोणती तरी मिश्र क्रीम आणून लावतात. त्यात तीव्र स्टेरॉइड असते. दोन-तीन दिवसांत चेहरा विलक्षण उजळ आणि गुळगुळीत दिसतो, त्यामुळे ती व्यक्ती खूश होते, आणि काही महिन्यांनी तीच कातडी पातळ, लाल, पुळ्यांनी भरलेली आणि उन्हाला अजिबात न सोसणारी होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली, तरी माझ्यासमोर दर आठवड्याला असा एखादा चेहरा येतो. चेहऱ्याला लावायची कोणतीही क्रीम घेताना तिच्यावरचे घटक वाचा आणि शंका आली तर आणू नका.

संत्रानगरी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. कूलरचे उदाहरण वाचून माझे कोडे एका क्षणात सुटले. आज सकाळी मी चेहरा कोरा ठेवून निघाले, कार्यालयात मनगटे नळाखाली धरली आणि जागेवर पाच मिनिटे बसल्यावरच काजळ घातले. संध्याकाळी परतताना आरशात पाहिले तर ते जागेवर होते. ब्लाउजचे अस्तर उसवून पाहिले, तर डॉक्टरताई म्हणतात तसे ते पॉलिएस्टरचेच निघाले.

दोन गोष्टी राहिल्या. शुक्रवारी आम्ही साड्या नेसतो आणि मी कडक खळ घातलेल्या सुती साड्या आणल्या आहेत. त्या सकाळी सुंदर दिसतात, पण दादरपर्यंत चुरगळून मऊ पडतात आणि अंगाला चिकटतात. दुसरे म्हणजे माझी टिकली घामाने सुटून पडते, म्हणून मी जास्त चिकट टिकली आणली, तर तिच्याखाली खाज येऊ लागली आहे.

अबोली

मी सावंतवाडीची. वय ६४ आहे आणि आयुष्यातील ३१ वर्षे शाळेत शिकवण्यात गेली, तीही साडीवर. तुमच्या दोन्ही प्रश्नांवर मी बोलू शकेन.

खळ म्हणजे पिठूळ पदार्थ. तो हवेतला ओलावा ओढतो, म्हणून दमट हवेत कडक खळीची साडी मऊ पडणारच. शिवाय दाट खळ कापडाची छिद्रे बुजवते, त्यामुळे वारा आत शिरत नाही. आमच्याकडे मे महिन्यात साडीला अगदी पातळ पेज घालतात, इतकी पातळ की हाताला चिकटपणा जाणवू नये, आणि साडी किंचित दमट असतानाच इस्त्री करतात. ती पुठ्ठ्यासारखी उभी राहत नाही, पण निऱ्या नीट बसतात. विणीचाही विचार करा. सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा नुसत्या हवेतून धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, पण जाडजूड सुती कापड घामाने भिजले की लवकर वाळत नाही. म्हणून मलमल, मंगलगिरी, बारीक सुताची हातमागाची साडी बरी. परकर सुतीच हवा आणि नाडी फार घट्ट नको, कारण तिथेच पहिले घामोळे येते.

केस मोकळे ठेवण्याचा हट्ट या महिन्यांत सोडून द्यावा. दमट हवेत केस फुगणारच. खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून केसांच्या टोकांना लावा आणि मानेवर वारा लागेल असा उंच आंबाडा घाला. त्यावर मोगऱ्याचा छोटा गजरा असला की चेहऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही, असे माझे मत आहे.

आता कुंकवाचे. माझी आजी चिकट टिकली कधीच लावत नसे. तिच्या करंड्यात एका बाजूला मेण आणि दुसऱ्या बाजूला पिंजर असे. आधी कपाळ पदराने कोरडे करायची, मग अनामिकेच्या टोकाने मेणाचा तांदळाएवढा कण उचलून भुवयांच्या मध्ये गोल फिरवायची, क्षणभर थांबायची आणि मग त्याच बोटाने पिंजर अलगद टेकवायची. चुलीपुढे दिवसभर राबूनही ते कुंकू ओघळत नसे, कारण मेणाला पाणी चिकटत नाही. हल्ली मुली चेहऱ्याला प्रायमर लावतात, तेव्हा मला आजीचे मेणच आठवते. फक्त कुंकू शुद्ध हळदीचे घ्या, रंगीत भुकटी नको.

त्वचावैद्य

अबोलीताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. संत्रानगरी, खाज येते त्या जागी टिकली लावणे ताबडतोब बंद करा. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल या रसायनाने तिथला रंग जाऊन पांढरा डाग पडू शकतो आणि तो परत भरून यायला फार काळ लागतो. घामामुळे रसायन कातडीशी अधिक मिसळते, म्हणून उन्हाळ्यात हा धोका जास्त असतो. आधीच फिकटपणा आला असेल तर जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खोट्या दागिन्यांतील निकेलही घामात उतरते आणि कानाच्या पाळीला किंवा गळ्यापाशी पुरळ येते, तेव्हा रोजच्या वापरात सोने, चांदी किंवा मण्यांचेच असू द्या.

संत्रानगरी

नीट पाहिले, फिकटपणा आलेला नाही, फक्त लाली आहे. टिकली आजपासून बंद. मेण आणि पिंजर आणायला उद्या दादरला उतरणार आहे. रत्नदुर्गताई, मलमलचे रुमाल शिवले, पण डबीतल्या रुमालाला तिसऱ्या दिवशी कुबट वास येऊ लागला. वाळ्याच्या काड्या चांगल्या आहेत, तरी असे का होते?

रत्नदुर्ग

रुमाल रात्रभर डबीत राहत असणार. घरी पोहोचताच तो साबणाने धुऊन पंख्याखाली दोरीवर पसरून वाळवा, न्हाणीघरात टांगू नका, कारण तिथे तो सकाळपर्यंत वाळत नाही. सात रुमाल करा म्हणजे रोज एक कोरडा हाताशी राहील. डबीचे झाकण रात्री उघडे ठेवा आणि काड्या आठवड्यातून एकदा उन्हात टाका.